इथं राहू नकोस

४ जुलै, शुक्रवार

पोचलो एकदाच्या! क्विटोहून साडेतीन तास बस, तिथून पुढं दुधाच्या ट्रकमध्ये सीटवर मी, माझ्या मांडीवर सुलाय आणि सुलायच्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. किंदेपाता गावाचा फाटा येईपर्यंत सुलायनं त्या कोंबडीचं नाव, वय आणि स्वभाव ठरवून टाकला होता. माझी लेक नऊ वर्षांची आहे, पण तिच्या तोंडाला विसावा म्हणून नाही. ढग खाली आलाय की आपण वर आलोय? गोगलगाईला गुडघे असतात का? ट्रकवाल्या काकांना एकच लांब भुवई का आहे? हा शेवटचा प्रश्न ट्रकवाल्या काकांनीही ऐकला. माणूस भला, हसून सोडून दिलं.

घर मी समजले होते त्यापेक्षा छान निघालं. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, समोर लांबलचक व्हरांडा. व्हरांड्यापुढे उतार, उताराखाली ओढा आणि ओढ्यापलीकडे रान. दुपार झाली की ढग रानातून वर येतो आणि व्हरांड्याच्या पायरीपाशी थांबतो.

मी कोण आणि इथं का आले ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. मी तार्सिला. चौदा वर्षं विमा कंपनीत लोकांचे अपघात फायलीत लावले. गेल्या वर्षी नवरा सोडला आणि नोकरीही सोडली. मग निसर्गात बसून लक्षपूर्वक बघायला शिकवणारा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केला आणि आता त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. सुलायचा बाप फाब्रिसिओ, तो ग्वायाकिलला असतो, फोनवर खो खो हसला. म्हणाला, "लोकांना फुकट बसता येतं, त्यालाही मास्तरीण लागते का?" या घराचे मालक डॉक्टर आर्कोस यांना मात्र लागते. शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात. त्यांना रानात एकेका झाडाखाली तासभर गप्प बसवायचं आणि नुसतं बघायला शिकवायचं, हे माझं काम.

खरं कारण वेगळंच आहे. सप्टेंबरात सुलाय कुणाकडे राहणार हे कोर्टात ठरेल. शाळेनं लेखी दिलंय की मुलगी जागेवर बसत नाही, वर्गात सतत बोलते, आईला आवरत नाही. तो कागद फाब्रिसिओकडे आहे. मला दोन महिन्यांत ही मुलगी शांत करून दाखवायची आहे. ती गेली तर माझ्याकडे काहीच उरत नाही. बस, लिहून टाकलं.

६ जुलै, रविवार

घरात आणखी दोन माणसं आहेत. दोन्या एर्मेलिंदा (इकडे वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात) स्वयंपाक करतात. साठीच्या, ठेंगण्या, आवाज डोंगरापलीकडे जाईल असा. त्यांचे यजमान ताइता सेगुंदो (ताइता म्हणजे बाबा) दिवसभर व्हरांड्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलतात. मी नमस्कार केला, पण त्यांनी मान वर केली नाही. एक शेंग उचलायची, पाहायची, सोलायची, पुढची घ्यायची. मी दहा मिनिटं बघत राहिले. आमच्या अभ्यासक्रमातल्या गुरूंनाही इतकी एकाग्रता जमली नसती.

सुलायला आणि मला बसायला जागा सापडली. ओढ्यावरची फळी ओलांडली की आलिसोचं जुनं झाड आहे, त्याखाली दोघी मावतील असा सपाट दगड. रोज सकाळी नऊ ते दहा तिथंच बसायचं, जागा बदलायची नाही. दिसेल ते बघायचं, त्याला नाव द्यायचं नाही, चांगलं-वाईट म्हणायचं नाही, जाऊ द्यायचं. परत आल्यावर नोंद करायची. आजची नोंद:

दिसलेलं: शेवाळावर थांबलेले थेंब. एक किंदे पक्षी, अंगठ्याएवढा, हवेत टांगल्यासारखा. मुंग्यांची रांग, त्यातली एक उलटी चाललेली.
ऐकलेलं: ओढा. सुलाय. सुलाय. सुलाय.

सात मिनिटं टिकली बिचारी. पण सुरुवात म्हणून वाईट नाही.

एक गंमत लिहायची राहिली. आम्ही उठून ओढ्यापाशी आलो तर दोन्या एर्मेलिंदा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या आणि ओरडतायत, "तार्सिला, चल! चल घरी, इथं राहू नकोस! सुलाय, चल घरी, इथं राहू नकोस!" सुलायला भलतीच मजा वाटली. "आले, आले!" करत धावत सुटली. मग पाहुणे परतू लागले तेव्हा बाईंनी जेवणाच्या यादीवरनं एकेकाला हाका मारल्या. बँकेतले एक जाडे साहेब लाजत लाजत "आलो" म्हणाले.

माझी आजीही नदीवरून परतताना आम्हा पोरांना असंच म्हणायची. इकडच्या डोंगरात कुणाची आजी म्हणत नाही? पण शांततेचा तास संपता संपता कानाशी पळी वाजवायची म्हणजे सगळ्यावर पाणी.

९ जुलै, बुधवार

आज दोन्या एर्मेलिंदांशी बोलले, अगदी गोड शब्दांत. म्हटलं, आमच्या पद्धतीत रानातून उठल्यावर घरात पाय ठेवेपर्यंत बोलायचं नसतं, कुणी हाकही मारायची नसते. मन जिथं निवलं तिथून ते हळूहळू यायला हवं.

त्या पीठ मळत होत्या. म्हणाल्या, "पोरी, माणूस एका जागी नुसता बसला की थोडा तिथं राहतो. चालता माणूस आपला आपण येतो, बसलेल्याला बोलवावं लागतं." मी म्हटलं, मला ठाऊक आहे हे सगळं, मी काही परदेशातून आले नाही. पाहुण्यांना हवं तर मारा हाका, त्यांना गंमत वाटते. मला आणि माझ्या मुलीला नको. त्यांनी पिठाचे हात झटकले आणि "तुमची मर्जी, सेन्योरा," म्हणाल्या. आत्तापर्यंत "पोरी" होते, एकदम सेन्योरा झाले! रागावल्या असाव्यात. दुपारी लोक्रोत, त्या बटाट्याच्या सुपात, माझ्या वाटचं चीज कमी होतं.

सुलाय आज वीस मिनिटं बसली.

१४ जुलै, सोमवार

तासभर! पूर्ण एक तास! मी घड्याळ पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. शाळेच्या बाईंना इथं आणून उभं करावंसं वाटलं.

उठताना तिनं काही विचारलं नाही. फळी ओलांडताना ओढ्यात दगडही फेकला नाही. घरी येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि ढग येईपर्यंत त्याच्याकडे बघत होती.

दिसलेलं: सालीवर दोन रंगांचं शेवाळ. पडलेल्या पानाची शीर न् शीर. सुलायचा हात, दगडावर, जराही न हलणारा.
ऐकलेलं: ओढा. पाखरं. एवढंच.

माझ्यातही फरक पडलाय. पूर्वी सकाळी उठल्याबरोबर डोक्यात कोर्ट, फाब्रिसिओ, घरभाडं यांचा गोंधळ असायचा. आता उठल्यावर नुसता दगड डोळ्यांपुढे येतो. कधी नऊ वाजतात असं होतं.

१९ जुलै, शनिवार

सहा पाहुणे आले. त्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, चष्मेवाल्या, गोड बाई. परतल्यावर मला शोधत स्वयंपाकघरात आल्या आणि मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, त्या निघाल्या तेव्हा मी आणि मुलगी दगडावरच बसलो होतो. मग मी त्यांच्या आधी घरात कशी? मी म्हटलं, ढगात असं होतं, झाडाचा बुंधाही माणूस वाटतो. त्या म्हणाल्या, "बुंधा बोलत नाही हो. तुमची मुलगी सारखी बोलत होती आणि तुम्ही हसत होता."

त्या वेळी सुलाय माझ्या शेजारी बाकावर बसून मक्याचे दाणे एक एक करून खात होती.

संध्याकाळी फाट्यावरच्या दुकानात फाब्रिसिओचा फोन आला. मी मुद्दाम सुलायला दिला. त्याचे दहा प्रश्न, हिची उत्तरं हो, नाही, हो. मग त्यानं मला विचारलं, हिला ताप आहे का? मी म्हटलं, शहाणी झालीय तुझी लेक. कोर्टात घेऊन ये तुझा कागद.

फोन ठेवल्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, हे खरं.

२५ जुलै, शुक्रवार

अकरा दिवसांत सुलायनं एकही प्रश्न विचारलेला नाही. आज मोजले. मी मुद्दाम म्हटलं, काय गं, गोगलगाईला गुडघे असतात का? तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे, मी पाहुण्यांना शिकवते तसं. नाव न देता.

दुपारी ती ताइता सेगुंदोंच्या शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. ते उचलतात तशी उचलायची, पाहायची, सोलायची. दोघांचे हात एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. मी तीनदा हाक मारली, पण ती थांबली नाही. शेवटी जवळ जाऊन तिच्या हातातली शेंग ओढून घेतली, तर तिचे हात रिकाम्या हवेत सोलत राहिले. मी किंचाळले. तिला हलवलं, गदागदा हलवलं, तर माझ्याच दंडाला धरून दोन्या एर्मेलिंदांनी मला आत नेलं.

जेवायला बसलो तर टेबलावर तीनच ताटल्या होत्या. दोन्या एर्मेलिंदांनी कपाळावर हात मारला, चौथी आणली, माझ्यापुढे ठेवली. नजरेला नजर देईनात.

सकाळी दुधाचा ट्रकही माझ्यासाठी थांबला नव्हता. मी फाट्यावर हात करून उभी होते. भुवईवाले काका समोर बघत निघून गेले. वाटलं, घाईत असतील.

२९ जुलै, मंगळवार

आज बसायला गेले नाही. सुलायलाही नेलं नाही. नऊ वाजता पाय आपोआप निघाले होते, दाराची चौकट धरून थांबले.

साडेनऊला ओढ्यापर्यंतच गेले. फळी ओलांडली नाही, अलीकडूनच पाहिलं.

दिसलेलं: दगडावर एक बाई, पाठमोरी. माझा तपकिरी स्वेटर. तो स्वेटर आत्ता माझ्या अंगावर आहे. तिची वेणी माझ्यासारखी डावीकडे. शेजारी एक मुलगी, हातवारे करून बोलणारी, पाय हलवणारी, एक क्षण स्वस्थ न बसणारी.
ऐकलेलं: सुलाय. सुलाय. सुलाय.

माझं लेकरू बडबडत होतं. मुंगीला दमायला होतं का, शेवाळ रात्री कुठं जातं, विचारत होतं. आणि ती बाई उत्तरं देत होती. प्रत्येक प्रश्नाचं! मी कधी दिली इतकी उत्तरं? मी गप्प बस म्हणायचे.

घरी धावत आले. पायरीवर सुलाय बसली होती, पुढ्यात शेंगा.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दोन्या एर्मेलिंदांचे पाय धरले. खरंच धरले. त्यांनी मला उठवलं, गुळाचं गरम पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. पुन्हा "पोरी" म्हणाल्या, तेव्हा मी रडले.

अकरा वर्षांपूर्वी ताइता सेगुंदो हरवलेली गाय शोधायला रानात गेले आणि दमून एका झाडाखाली बसले. दोन-चार दिवस रोज जायचे, तिथंच बसायचे. दोन्या तेव्हा भाचीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. हाक मारायला घरात कुणी नव्हतं. त्या परतल्या तेव्हा जे व्हरांड्यात बसलं होतं ते अजून बसलंय. राहणं ताजं असेल तर कुणीही बोलावलं तरी माणूस येतो. मुरलं की रक्ताचं माणूस लागतं. ताइतांचे आईबाप गेलेले, भाऊ-बहीण नाही, मूलबाळ नाही. बायको रक्ताची नसते.

मी विचारलं, तुम्ही मला हे तेव्हाच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगितलं की गं. तू म्हणालीस, मला ठाऊक आहे."

सुलायची मी आई आहे. मी बोलावलं तर येईल. उद्या संध्याकाळी पाच वाजता, उजेड असताना. तिचा अंगातला फ्रॉक घ्यायचा, दगडाजवळच्या मातीवर तीनदा आपटायचा, नावानं हाक मारायची आणि मागं न बघता घरी यायचं. घरी बसलेल्या मुलीनं "आले" म्हटलं पाहिजे. म्हटलं की झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

नाही झालं.

दगड रिकामा दिसत होता. मी फ्रॉक आपटला आणि घशाच्या शिरा तुटेपर्यंत ओरडले. "सुलाय, चल! चल घरी, इथं राहू नकोस!" मागं न बघता फळी ओलांडली. उतारावर अर्ध्यावर पोचले तर समोरून सुलाय येत होती. घरातली सुलाय. अनवाणी, डोळे उघडे, सरळ चालत. माझ्या अंगावरून गेली. मी आडवी आले तर मला वळसा घालून गेली. रानाकडे. दगडाकडे.

दोन्यांनी फळीवर तिला मिठी मारून धरलं. दोघींनी मिळून ओढत आणली. नऊ वर्षांची पोर, पण दोघींना भारी पडत होती.

मग दोन्या एर्मेलिंदांनी मला पायरीवर बसवलं. म्हणाल्या, हाक बरोबर होती. मूल हाकेला आलंच. पण ते आईकडे जातं, पोरी. आणि तुझ्यातली बरीचशी आई तिकडं बसलीय. तुला इतके दिवस कुणी बोलावलं?

कुणीही नाही. मीच नको म्हटलं होतं.

मला बोलवायला रक्ताचं कोण? बाप आधीच गेला, आई गेली त्याला सहा वर्षं झाली. भाऊ-बहीण नाही. फक्त सुलाय आहे, आणि सुलाय बोलत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

सुलायला बाप आहे. रक्ताचा आहे.

त्याला फोन करायचा म्हणजे सगळं हातानं देऊन टाकायचं. तो येईल, बोलावील आणि घेऊन जाईल. पुन्हा कधी देणार नाही. कोणतं कोर्ट मला देईल?

अर्धा दिवस पायरीवर बसले. शेजारी ती शेंगा सोलत होती. तिच्या नखांत हिरवं साचलं होतं. मी म्हटलं, सुलाय, एकदा विचार ना काहीतरी. काहीही विचार. माझ्या भुवयांबद्दल विचार.

फाट्यावरच्या दुकानातून फाब्रिसिओला फोन लावला. तो हॅलो हॅलो करत राहिला. मी बोलत होते, ओरडत होते. तो म्हणाला, "कोण आहे? बोलायचं नसेल तर फोन कशाला करता?" दुकानदारही माझ्यावरून हात लांबवून मिठाची पिशवी काढत होता.

शेवटी दोन्यांनी लावला. त्यांचा आवाज पोचला. निघतोय म्हणाला.

५ ऑगस्ट

घाटात दरड पडलीय. तो पलीकडे अडकलाय.

सुलाय जेवत नाही. घास तोंडात ठेवला तर तोंडातच राहतो.

मी पहिलं पान काढून वाचलं. मी तार्सिला. चौदा वर्षं विमा कंपनी. बरोबर आहे. वाचल्यावर आठवतं.

६ ऑगस्ट

नऊ वाजता पाय निघतात. दोन्यांना सांगितलं, मला खुर्चीला बांधा. बांधलं —

बसल्या बसल्या बरं वाटलं. हेच वाईट आहे. बरं वाटता कामा नये. सुलाय. सुलाय. तिच्यासाठी थांबायचंय. तो येईपर्यंत मी कोण ते —

७ ऑगस्ट

मी तार्सिला. पहिलं पान.

हातात शेंग होती. कुणी दिली माहीत नाही. टाकली. पुन्हा टाकली.

ढग आज पायरीवर थांबला नाही, आत आला.

दिसलेलं —

८ ऑगस्ट, शुक्रवार

आला! आला, देवा, आला. गुडघ्यापर्यंत चिखल. दरडीवरून चालत आलाय, गाडी मागून वळसा घालून येतेय.

घाई करायला हवी. दिसेल तसं लिहितेय. लिहिणं थांबलं की मीही थांबते.

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. सुलायपुढे गुडघे टेकून बसला. तिचे हात धरले, ते त्याच्या हातात सोलत राहिले. डोंगरातल्या या खुळांना हसणारा माणूस. हसला नाही. दोन्यांना म्हणाला, काय करायचं ते सांगा, मी काहीही करतो.

फ्रॉक घेऊन गेला. इथवर ऐकू येतेय त्याची हाक. "सुलाय, बाळा, चल! चल घरी, इथं राहू नकोस!" आवाज फाटलाय. मी कधी ऐकला नव्हता त्याचा असा आवाज.

एक. दोन. तीन.

सुलायच्या हातातून शेंग पडली.

"आले! आले! पप्पा, थांबा, आले!"

तिचं तोंड. तिचा आवाज. धावली, पायरीवरून उडी मारली, पडली, उठली. बोलतेय! एका श्वासात सगळं बोलतेय. पप्पा, तुमच्या बुटात बेडूक गेलाय का? पप्पा, गोगलगाईला गुडघे नसतात, आईनं सांगितलं. पप्पा, भूक लागलीय.

झालं. वाचली माझी पोर. घेऊन जा, फाब्रिसिओ, घेऊन जा. कागद, कोर्ट, सगळं तुझं.

गाडी आली.

ती चढत नाहीये. म्हणतेय आई राहिली. आईला सोडून मी येणार नाही. त्यानं विचारलं, कुठाय आई? मी इथं आहे, इथं, व्हरांड्यात, तुमच्यापासून दहा पावलांवर —

तिनं रानाकडे बोट केलं.

दोन्या धावत आत आल्या. माझ्या अंगातून स्वेटर काढला. माझ्या कानाशी वाकल्या. रडतायत. म्हणतायत, पोरी, आता लेक बोलावील. रक्ताचं माणूस आहे. तोंडानं "आले" म्हण. एकदाच म्हण, तिकडची म्हणायच्या आत. हाक तुलाच आहे.

हो. म्हणेन. म्हणेन.

सुलाय ओढ्याच्या अलीकडूनच स्वेटर आपटतेय. चिमुकले हात, सगळा चिखल उडतोय. "आई, चल! चल घरी! इथं राहू नकोस!"

आले म्हणायचंय. ओठ —

"आई, चल! इथं राहू नकोस!"

सुलाय मी इथं — मागं बघ — आवाज नाही —

"आई!"

"आले गं, आले!"

मी नाही म्हटलं. माझा आवाज. ओढ्याकडून.

ती येतेय. फळीवरून. वेणी डावीकडे. पाठीला शेवाळ लागलंय, ते झटकतेय, हसतेय. सुलाय तिच्या कमरेला बिलगली. फाब्रिसिओनं तिला गाडीचं दार उघडून दिलं. म्हणाला, किती काळजी लावलीस गं.

चढताना तिनं व्हरांड्याकडे पाहिलं. माझ्याकडे. मी शिकवलं होतं तसंच. नाव न देता. न थांबता.

सुलायनं विचारलं, आई, ती बाई कोण? सारखं काय लिहितेय?

ती काय म्हणाली ते इंजिनमुळे —

गाडी गेली. अजून ऐकू येतंय. प्रश्न. प्रश्न. वळणावर एक प्रश्न. आता ओढा.

मी ता

दोन्यांनी टोपलं माझ्यापुढे ठेवलं. डोक्यावरून हात फिरवला. शेजारी ताइता.

दिसलेलं: शेंग. हिरवी. एका टोकाला वाकडी. आत पाच दाणे.
ऐकलेलं: ओढा.
दिसलेलं: शेंग. हिरवी. आत चार दाणे.
दिसलेलं: शेंग. हिर